‘रिमांड होममध्ये टाका, नशा आपोआप सुटेल’: हा मेसेज पुढे पाठवू नका

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. नशा करणारी अल्पवयीन पोरं रिमांड होममध्ये, म्हणजे निरीक्षणगृहात, टाका. आत गांजा नाही, दारू नाही, वेळेवर जेवण मिळतं, चार महिन्यांत व्यसन आपोआप सुटतं. डॉक्टर, समुपदेशक असले लाड कशाला? कुपवाड आणि विट्याच्या एमडी (मेफेड्रोन या अंमली पदार्थाच्या) प्रकरणांपासून आईबापांच्या पोटात गोळा आलाय, माझ्याही आलाय. पण हा मेसेज खरा मानला तर एखाद्या पोराचा जीव जाईल.

‘आपोआप सुटतं.’ नशा कशाची आहे, ते आधी विचारा. रोज दारू पिणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या खाणाऱ्या मुलाची नशा एकदम तोडली, तर काही दिवसांतच हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, फिटही येऊ शकते. रात्री दोन वाजता फिट आली आणि काळजीवाहकाला वाटलं की पोरगं नाटक करतंय, तर? ट्रामाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांचा धोका वेगळा आहे. आत राहून शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर मुलगा जुन्याच हिशेबाने गोळ्या घेतो आणि त्याच डोसने श्वास बंद पडू शकतो. मेसेजवाले ज्याला सुधारणा समजतात, तिच्यानंतरचे पहिले काही दिवस असे जिवावर बेततात.

आणि सोल्युशनचं काय? पंक्चर काढायचं सोल्युशन आणि व्हाइटनर मेसेजमध्ये कुठेच नाही. ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के निघालं, मोठ्यांत ०.५८ टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली नशा ही एकच. खिशात कडक झालेलं फडकं, ओठांभोवती पुरळ, बाहीला उग्र वास, ही तिची लक्षणं. हुंगताहुंगताच हृदयाचे ठोके बिघडून मूल जागीच जाऊ शकतं, अगदी पहिल्या वेळीसुद्धा.

‘ही पोरं मुळातच वाया गेलेली.’ शिकागोच्या बालबंदीगृहात १९९५ ते १९९८ दरम्यान दाखल झालेल्या १,८२९ मुलामुलींचा अभ्यास झाला. सुमारे दोन तृतीयांश मुलांत आणि जवळपास तीन चतुर्थांश मुलींत एक तरी मानसिक विकार होता. तो आकडा शिकागोचा आहे, सांगलीचा नव्हे. पण नशेमागे आजार असू शकतो, तो तपासल्याशिवाय कळत नाही, एवढं त्यातून आपण घ्यावं.

‘एड्स, कावीळ हे मोठ्यांचे रोग.’ सुईला वय कळत नाही. एकाच सिरिंजने चौघांनी इंजेक्शन घेतलं, जत्रेत एकाच सुईने दहा जणांच्या हातावर टॅटू काढला, तर हिपॅटायटीस बी ही कावीळ पसरायला तेवढं पुरतं. त्यावर लस आहे, आणि निरीक्षणगृहात आलेल्या मुलाला ती देणं सोपं आहे. बाहेर हाच मुलगा दवाखान्याची पायरी चढत नाही.

लाडांचं म्हणाल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ५३ मध्ये संस्थेतल्या मुलांसाठी समुपदेशन, व्यसनमुक्ती आणि आजारांवरचे उपचार लिहूनच ठेवलेत. याच कायद्याच्या कलम ७७ नुसार डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. शाळेजवळ पोरांना मावा विकणाऱ्या टपरीबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

ग्रुपवर काही पाठवायचंच असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर पाठवा. आणि ओळखीतलं कुणाचं मूल निरीक्षणगृहातून सुटत असेल, तर त्याच्या आईला सांगा: परिविक्षा अधिकाऱ्याकडून (प्रोबेशन ऑफिसरकडून) मानसोपचार ओपीडीची पुढची तारीख लिहून घे, आणि पोरगं पूर्वी कुठल्या गोळ्या, किती घेत होतं, ते तिथल्या डॉक्टरांना न लपवता सांग.