ती बदललेली ओळ

कॅनडाचे गायक-गीतकार गॉर्डन लाइटफूट यांच्यावरचा लेख आवडला, पण त्यांच्यावरचं चाहत्यांचं प्रेम म्हणजे फक्त गेलेल्या दिवसांची ओढ, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. १० नोव्हेंबर १९७५ ला अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपिरियर या सरोवरात वादळात एडमंड फिट्झजेराल्ड हे मालवाहू जहाज बुडालं, २९ जण गेले. पुढच्याच वर्षी लाइटफूट यांनी त्यावर गाणं केलं. त्यातल्या एका ओळीत जहाजाच्या माल ठेवायच्या भागाचं झाकण आत कोसळल्याचा उल्लेख होता, म्हणजे ते नीट लावलं नव्हतं असा अर्थ निघून दोष खलाशांकडे जात होता. पुढे तसं नसावं असं कळल्यावर, गाणं तीसेक वर्षं लोकांच्या ओठांवर असूनही, त्यांनी मैफलीत ती ओळ बदलून गायला सुरुवात केली. खलाशांच्या घरच्यांच्या मनाला लागू नये म्हणून! एवढं कोण करतं हो?

२००२ मध्ये सहा आठवडे कोमात होते. तरी पुन्हा गिटार उचलली आणि ऐंशी ओलांडल्यावरही गात राहिले. आवाज पार बारीक झाला होता, पण मला तो शेवटचा आवाजच जास्त जवळचा वाटतो.

१ मे २०२३ ला ते गेले. डेट्रॉइटच्या खलाशांच्या चर्चमध्ये दुसऱ्या दिवशी घंटा ३० वेळा वाजली. २९ त्या खलाशांसाठी, एक लाइटफूट यांच्यासाठी.