क्षयरोगी दवाखान्यात जातो, पण कुठल्या?

2025 सरलं, भारत टीबीमुक्त झाला नाही. जगाच्या पाच वर्षं आधी, 2025 पर्यंत क्षयरोग संपवू, असं 2018 साली पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2015 मध्ये लाखामागे 237 नवे रुग्ण होते, 2024 मध्ये 187. घट जगाच्या सरासरीपेक्षा बरी आहे, पण उद्दिष्ट फार दूर राहिलं. का राहिलं, हे बीडकडच्या माझ्या माणसांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "लोक अंगावर काढतात हो." शिकलेलेही हेच म्हणतात. इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहून मला ते पटेनासं झालं आहे.

1963 साली देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयाची लक्षणं असलेल्या बहुतेकांना आपल्याला काहीतरी झालंय याची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक जण दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. थुंकी कुणी तपासलीच नव्हती. माणूस चालत दारापर्यंत आला होता.

याला उत्तर म्हणून 2019 ते 2021 मधलं राष्ट्रीय सर्वेक्षण पुढे केलं जाईल. त्यात लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक कुठेच गेले नव्हते, आणि त्यातल्या बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केलं होतं. आकडा खरा आहे. पण दुर्लक्ष म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या फडात उभं राहून बघावं. दिवाळीच्या आसपास जोडपं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा पडला तर मजुरी बुडते, वर दंड. दवाखाना चार कोसांवर, आणि तिथला डॉक्टर ओळखीचा नाही. अशा वेळी खोकल्याला बाजूला सारणं हा निष्काळजीपणा नव्हे, हिशेब आहे. तापाने अंथरूण धरल्याशिवाय तो हिशेब बदलत नाही.

मग तो जातो कुठे? आधी औषधाच्या दुकानात. मग संध्याकाळी उघडा असणाऱ्या खाजगी दवाखान्यात, कारण काम सुटल्यावर सरकारी ओपीडी बंद झालेली असते. तिथे इंजेक्शन, सलाईन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. त्यात लेव्होफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक असलं तर काही दिवस बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा मध्यक काळ 55 दिवस निघाला, आणि निदानाआधी सरासरी जवळपास तीन ठिकाणी दाखवून झालेलं होतं. म्हणजे माणूस फिरत होता. माझ्या एका चुलत्यांचंही असंच झालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी दमा म्हणून महिनोन्‌महिने औषध दिलं, आणि घरातली सगळी म्हणत राहिली की अण्णा पथ्य पाळत नाहीत.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. इथले डॉक्टरही क्षय पटकन ओळखत नाहीत, चार-चार महिने उशीर झालेले रुग्ण इथेही आहेत. 2024 मध्ये संपूर्ण इंग्लंडात साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण होते. भारतातल्या 27 लाखांशी त्यांची तुलना अन्यायाची ठरेल. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. निदान झालं की रुग्णामागे एक ठरलेली टीबी नर्स लागते. औषध, घरच्यांची तपासणी, कामावरची चिठ्ठी, सगळं तिच्याकडून होतं. व्हिसा असो वा नसो, उपचार मोफत. बेघरांसाठी लंडनमध्ये क्ष-किरणांची गाडीच रस्त्यावर फिरते.

यात भारताला न जमणारं काही नाही. उलट, घरी राहून औषधं घेतली तरी रुग्ण सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो, हे जगाला दाखवलं मद्रासने, 1959 मध्ये. तोंडी सल्ल्यापेक्षा अन्न दिल्याने काय होतं, हे झारखंडमधल्या 2023 च्या अभ्यासाने दाखवलं: शिधा मिळालेल्या कुटुंबांत नवे रुग्ण सुमारे 39 टक्क्यांनी कमी. क्षयाचं निदान करणारं ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या कंपनीचं. क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून दरमहा मिळणारी निक्षय पोषणाची रक्कमही नोव्हेंबर 2024 पासून 500 ची 1000 रुपये झाली. साधनं आहेत. ती आशाताईंच्या माथी मारून चालत नाही. त्यांच्याकडे आधीच कामांचा डोंगर आहे.

माझं म्हणणं एवढंच की गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या झोपडीच्या, म्हणजे कोपीच्या दारात, काम सुटल्यावर हातात धरायचं क्ष-किरण यंत्र घेऊन माणूस पोचला पाहिजे. त्या दिवशीचा खाडा धरायचा नाही, अशी अट कारखान्यावर घालावी. आणि ज्याची औषधं चालू आहेत, त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी क्षयरोग नोंदणीतला क्रमांक, बीडहून कोल्हापूरला वेळेत वर्ग झाला की नाही, याची जबाबदारी एका नावाच्या माणसावर असावी. पालकमंत्र्यांच्या बैठकीत ऊसदराइतकाच वेळ या प्रश्नाला द्यावा.