पंप इतक्यात सुटत नाही

'इंजेक्शनं सुरू केली की पंप सुटतो' हे अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांवरच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. पंप म्हणजे दम्याचं औषध श्वासातून घ्यायचा इन्हेलर. माझ्या मुलीला धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची) अ‍ॅलर्जी. डॉक्टरांनी आधी पंपाने दमा आटोक्यात आणला, मगच शरीराला त्या माइट्सची हळूहळू सवय लावणाऱ्या इंजेक्शनांचं नाव काढलं. सुरुवातीला दर आठवड्याला, पुढे महिन्याला, असं 3 ते 5 वर्षं चालतं. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात, कारण क्वचित जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येते. एकदा तिच्या दंडावर लालबुंद गाठ आली, तर पुढचा डोस कमी केला. शिंका बऱ्याच कमी झाल्यात, पंप मात्र दप्तरात असतोच.

आणि दम्यावरच्याच ओमॅलिझुमॅब या औषधाचं इंजेक्शन वेगळं हो! ते शरीराला अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थाची सवय लावत नाही, आयजीईला (अ‍ॅलर्जी भडकवणाऱ्या शरीरातल्या प्रथिनाला) अडवतं. लेखात दोन्हींची खिचडी झालीय.