नकाशा फुटतोय म्हणे!

"नकाशा फुटतोय, जरा ३०० डीपीआय करून द्या." आणि सोबत काय, तर १९२० बाय १०८० पिक्सेलचा स्क्रीनशॉट! डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात किती ठिपके. अहो, ए३ कागद ४२० मिलिमीटर रुंद, म्हणजे साडेसोळा इंच. भागाकार करा: जेमतेम ११६ डीपीआय. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ७२ खोडून नुसतं ३०० लिहिलं तर फाइलीवरची चिठ्ठी बदलते, पिक्सेल तेवढेच राहतात.

नकाशे बनवायच्या क्यूजीआयएस सॉफ्टवेअरमध्ये प्रिंट लेआउट, म्हणजे छापायचं पान मांडायची खिडकी, शोभेला ठेवलाय का? आधी पानाचा आकार ठरवा, मग लेआउट टॅबमध्ये एक्सपोर्ट रिझोल्यूशन. ए३ ला ३०० म्हणजे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल. झालं! पण नाही, कुणीतरी ए० ला ६०० ठोकणारच. २८ हजार बाय जवळपास २० हजार पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट. नुसत्या चित्राला २ जीबीहून जास्त मेमरी. मग सॉफ्टवेअर झोपतं आणि शिव्याही त्यालाच.

डोकं फिरतं ते ओपनस्ट्रीटमॅपच्या बेसमॅपपायी, म्हणजे आपल्या नकाशाखाली अंथरलेल्या तयार ऑनलाइन नकाशापायी. डीपीआय वाढवला की वरच्या झूमच्या टाइल्स, म्हणजे जास्त जवळून दाखवणारे चित्राचे चौकोनी तुकडे, येतात. गावांची नावं त्या चित्रातच छापलेली, त्यामुळे कागदावर ती मुंगीएवढी होतात. सातारा शोधायला भिंग घ्या! बेसमॅप ठेवायचाच असेल तर १५० वर थांबा, नावं आपल्या व्हेक्टर लेयरवरून (तिथे ती चित्रात छापलेली नसतात) टाका आणि पीडीएफ काढा.

आणि एवढं करून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून नाही, फोटो म्हणून पाठवायचं, की पिक्सेल पुन्हा गेले!