‘कोर्ट म्हणून नेलं, चित्रं दाखवली’: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमच्या तक्रारी तीन: सिंगापूरचं जुनं सुप्रीम कोर्ट बघायचं म्हणून नॅशनल गॅलरीत नेलं आणि दोन तासांतला बहुतेक वेळ चित्रांत गेला, घुमटावर नेलं नाही, सिंगापूरमध्ये नोकरी करणाऱ्या पुतण्यालाही तिकीट काढावं लागलं.

पहिली चूक आमची. गॅलरी म्हणजे शेजारशेजारच्या दोन इमारती, १९२९चा सिटी हॉल आणि १९३९चं सुप्रीम कोर्ट. २०१५पासून दोन्ही मिळून एकच कलासंकुल आहे, मधे काचेचं छत आणि वरच्या मजल्यांवर जोडपूल. आमच्या सहलप्रमुखाने सुरुवात सिटी हॉलच्या दालनांपासून केली. तिथे पाय थकले की कोर्टापर्यंत उत्साह उरत नाही. क्रम उलटा हवा होता: आधी कोर्टाच्या बाजूला आरोपींच्या कोठड्या (बारांपैकी दोनच जपल्या आहेत), मग १९३७ची कोनशिला. तिच्याखाली वर्तमानपत्रं आणि नाणी पुरलेली आहेत, ती सन ३०००मध्ये काढायची! त्यानंतर वर गोल ग्रंथालय. चित्रांपैकी एकच बघायचं तर जावाचा चित्रकार रादेन सालेह याचं १८४९चं ‘वणवा’: तीन मीटर उंच, जवळजवळ चार मीटर रुंद. मग पुलावरून सिटी हॉल. १२ सप्टेंबर १९४५ला आग्नेय आशियातल्या जपानी सैन्याची शरणागती तिथल्याच दालनात झाली. ते दालन कार्यक्रमाला दिलं असेल तर बंद असतं, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी लागते. तीही आमच्याकडून राहिली.

घुमटाचं मात्र मान्य नाही. मोठ्या घुमटावर पर्यटकांना चढता येत नाही, आणि आमच्या पत्रकातही घुमटावर नेऊ असं लिहिलेलं नाही. आतून मान वर करून बघायचा तो ग्रंथालयावरचा धाकटा घुमट.

तिकिटाचं म्हणाल तर कायमस्वरूपी संग्रह फुकट आहे तो नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. नोकरीच्या परवान्यावर राहणारा माणूस, कितीही वर्षं झाली तरी, त्यात धरत नाहीत. हे निघण्याआधी सांगायला हवं होतं.

आता या भेटीला साडेतीन तास ठेवले आहेत. सिटी हॉल मेट्रो स्थानकाच्या ‘बी’ दारातून बाहेर पडून कॅथीड्रलला वळसा घातला की गॅलरी येते. दुपारचं ऊन टळेपर्यंत आत, आणि समोरचं पाडांग मैदान पाचनंतर. याच मैदानावर ५ जुलै १९४३ला नेताजींनी आझाद हिंद फौजेपुढे ‘चलो दिल्ली’ म्हटलं. त्या फौजेतले जगन्नाथराव भोसले आपल्या सावंतवाडीकडचे. मैदानापलीकडच्या एस्प्लनेड बागेत फौजेच्या स्मारकाची खूण आहे. इंग्रजांनी १९४५मध्ये मूळ स्मारक पाडलं, ही खूण १९९५ची. तुमच्या गटाला ती दाखवलीच नाही, याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं.

तुमच्या गटातल्या प्रत्येकाच्या गॅलरी तिकिटाची रक्कम या आठवड्यात परत करतो. पावतीचा फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.