गॅलरी वाढवण्याआधी मागं धरायला काय आहे ते बघा

जुन्या घराला पुढं सहा फूट गॅलरी काढून तिच्यावर बाग करा, असं सुचवणारा एक लेख नुकताच वाचला. त्यातले फोटो छान आहेत, पण वजनाबद्दल एक ओळही नाही, याची खरंच काळजी वाटते. राहत्या खोलीसाठी डिझाइनमध्ये चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरतात. फूटभर ओली माती एकटीच 500 किलोच्या वर जाते. आणि आपल्या कोल्हापूरचा पाऊस! जुलैत कुंडीतली माती सुकतच नाही. त्यात गॅलरीची भिंतीपासून पुढं आलेली लांबी तीनवरून सहा फूट केली की भिंतीजवळचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे स्लॅबला वाकवणारा जोर, दुप्पट नाही, चौपट होतो.

अशा, खाली खांब नसलेल्या आणि फक्त भिंतीकडून धरलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते आणि ती मागच्या स्लॅबमध्ये लांबवर न्यावी लागते. पेठांतल्या जुन्या, विटामातीच्या घरांत मागं तसा स्लॅबच नसतो. भिंतीत चार सळया ठोकून हे भागत नाही, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. काँक्रीट ओतताना गडी जाळीवरनं चालतात, वरची सळई खाली दबते, घात तिथंच होतो. त्या वेळी स्वतः उभं राहा. आणि सेंट्रिंगवाल्याला बजावून ठेवा, टेकू काढायचे ते टोकाकडून भिंतीकडं.