मोबाईल काढून घेतला की पोरगं सुरक्षित झालं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार.

‘पोरांना सेटिंगा कसल्या शिकवताय? मोबाईल काढून घ्या, तालमीत घाला. स्वतःच्या घरात घडलं की कळेल,’ असं तुम्ही पोरांच्या इन्स्टाग्राम सुरक्षेवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंय. तुमची कळकळ पोचली, म्हणून सविस्तर लिहितो.

घडलंय सर, आमच्याच घरात. भाचा आठवीत, मंगळवार पेठेत राहतो, रोज पहाटे तालमीत जातो. इन्स्टाग्रामवर कुणीतरी मुलीच्या नावानं त्याच्याशी ओळख काढली. पंधरा दिवस गोड बोलून नको तसला उघडा फोटो मागितला आणि तो मिळाल्याबरोबर, फोटो पसरवायची धमकी देत 5,000 रुपये मागायला सुरुवात केली. पोरगं आठवडाभर धड जेवत नव्हतं. आम्हाला वाटलं, मेहनत जास्त होतेय. शेवटी रंकाळ्यावर फिरताना माझ्यापाशी रडला. आधी का बोलला नाहीस विचारलं, तर म्हणाला, ‘पप्पांनी मोबाईल काढून घेतला असता.’ त्या भीतीपायी तो आठ दिवस त्या माणसाच्या तावडीत एकटा होता. तुमच्या उपायाला माझा विरोध आहे तो यासाठी.

पोरं वय खोटं सांगतात हे तुमचं म्हणणं मात्र मला पटतं, माझ्या लेखात ते निसटलं. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला 13 वर्षं पूर्ण लागतात, पण पोरं जन्मसाल खोटं टाकतात, कधी घरातलं मोठं माणूसच टाकून देतं. भाच्याच्या खात्यावर तो विशीतला होता! खरं वय असतं तर खातं आपोआप खासगी राहिलं असतं, अनोळखी माणसाला त्याला मेसेज करता आला नसता आणि 16 वर्षांच्या आत आईवडिलांच्या परवानगीशिवाय ही बंधनं सैलही करता आली नसती. एका खोट्या आकड्यानं हे सगळं गेलं.

आम्ही पैसे दिले नाहीत. धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि त्या खात्याची लिंक जपून ठेवली, मग त्याला ब्लॉक केलं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. 1930 वरही फोन लागतो, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. एक चूक होता होता राहिली. पुरावा म्हणून तो फोटो मेहुणे नातेवाईकांना पाठवणार होते. लहान मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे. असे फोटो इंटरनेटवरून हटवायला ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, तिथं फोटो द्यावा लागत नाही. आपल्याच मोबाईलवर त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे ओळखीचा सांकेतिक क्रमांक, तयार होतो, आणि सेवेत सहभागी असलेल्या कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात.

तालीम त्याची सुटलेली नाही आणि मोबाईलही त्याच्याकडेच आहे. रात्री तो हॉलमध्ये चार्जिंगला लागतो, आमचे सगळ्यांचे लागतात तसा.

तुमचा नातू सातवीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. आज संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून त्याच्या खात्यावरचं जन्मसाल बघा. खोटं निघालं तर रागावू नका सर, आधी त्याला कुणाकुणाचे मेसेज येतात ते विचारा.